आच लागलेलं माणिक

माझे वडील सोनार होते. कुरुंद्यात बाजाराच्या गल्लीत आमचं घर होतं आणि घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. काउंटर नव्हता, आरसे नव्हते. खाली गादी, समोर ऐरण, डाव्या हाताला शेगडी आणि मागच्या भिंतीत एक लोखंडी कपाट. हळद शिजवायच्या दिवसांत सगळ्या गावाला वास यायचा, पण आमच्या घरात कोळशाचा आणि सवागीचाच वास असे. सवागी म्हणजे झाळ देताना, सांधा जोडताना, सोन्याला लावतात तो क्षार.

बाबा तरुणपणी तीन वर्षं हैदराबादला खडे बसवायचं काम शिकून आले होते. आसपासच्या गावांत तेव्हा हे काम येणारा दुसरा कुणी नव्हता. वसमतचे सोनारसुद्धा कधीकधी नथी, कुड्या त्यांच्याकडे पाठवत. मला भाऊ नव्हता. शाळेतून आल्यावर मी त्यांच्याजवळ बसायची आणि ते मला भिंग डोळ्याला लावून खडे बघायला शिकवायचे. "लाल दिसतं म्हणून माणिक म्हणायचं न्हाई," ते सांगायचे. "आत बघ. खऱ्या माणकात बारीक रेशीम असतं, केसावाणी. भट्टीत केलेल्यात रेघा वाकड्या जातात, अन् काचेत बुडबुडे." मला पहिल्यांदा रेशीम दिसलं तेव्हा मी चौथीत असेन. ते आईच्या अंगठीतलं माणिक होतं.

ती अंगठी बाबांनी लग्नात आईसाठी स्वतः घडवली होती. माणिक तुरीच्या डाळीएवढं होतं, पण अस्सल. हैदराबादहून निघताना त्यांच्या म्हाताऱ्या उस्तादानं ते त्यांना दिलं होतं. आयुष्यात त्यांनी स्वतःच्या घरात ठेवलेला तेवढा एकच चांगला खडा. मी दहावीत असताना आई गेली. बाबांनी तिच्या बोटातून अंगठी काढली, धुतली आणि माझ्या हातात ठेवली. "तुझी हाये ही आता," एवढंच म्हणाले.

पुढे मी नांदेडला शिकले आणि वसमतच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. कॉलेजात असताना एका पुस्तकात वाचलं होतं की माणिक आणि नीलम हे मुळात एकच खनिज. लाल असलं की माणिक, निळं असलं की नीलम, आणि ज्यात काही रंगरूप नाही ते विळ्याकोयत्याला धार लावायच्या चाकात जातं. त्या खनिजाचं नाव कुरुंद. सुट्टीत घरी आल्यावर मी हे बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते. "म्हंजी आपल्या गावचंच म्हण की," म्हणाले. आई गेल्यानंतर त्यांना इतकं मोकळं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

ज्या बाईमुळे पुढचं सगळं झालं, ती गावाबाहेरच्या तांड्यावरची होती. वय साठीच्या पुढं. तिच्या चांदीच्या दागिन्यांना उजाळा द्यायला, तुटलेली घुंगरं लावायला ती पूर्वीपासून बाबांकडे यायची. घरात त्यांची बोली वेगळी, पण आमच्याशी ती आमच्यासारखंच बोलायची. तिचा मुलगा ट्रक चालवायचा. राजस्थानाकडे माल घेऊन गेला होता तेव्हा तिकडच्या बाजारातून त्यानं एक अंगठी आणली. सोन्याची, मधे हरभऱ्याएवढा लाल खडा. एकदा तो ती बोटात घालून दुकानात आला होता. बाबांनी खडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "चांगलं हाये." त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यानं हात पुन्हा पुन्हा उन्हात धरून पाहिला होता.

पुढच्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. त्याच्यामागं बायको आणि लहान मुलगी. साल बहुधा दोन हजार सहा असावं, कारण त्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती बाई दुकानात आली. पदराच्या गाठीतून तिनं मुलाची ती अंगठी सोडली आणि बाबांच्या समोर ठेवली.

"सोनारदादा, ही माझ्या बोटात राहून न्हाई राहिली. ढिली व्हती," ती म्हणाली. "दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, तर परवा दोराच तुटला. एक कडी लावून दे वरून. मणीमाळेत ओवून घेती."

"खडा काढावा लागंल बाई. कडी झाळायची म्हंजी आच लागती."

"खडा नको काढू," ती म्हणाली. "त्यानं जसा घातला व्हता तसाच राहू दे. हलवू नको."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग भिंग लावून खडा पाहिला. मी दारातच वह्या तपासत बसले होते. त्यांच्या उजव्या डोळ्यात तेव्हा मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि ते ऑपरेशन पुढं ढकलत होते, हे मला माहीत होतं. खडा त्यांनी बराच वेळ पाहिला. "बरं," म्हणाले, "न्हाई काढत. माणिक आगीला भीत न्हाई."

यात चूक काही नव्हती. अस्सल माणिक सोन्यापेक्षा जास्त आच सहन करतं. फक्त सवागी त्याला लागू द्यायची नाही, नाहीतर वरचं पाणी जातं. बाबांनी हे मला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशीही त्यांनी खड्यावर ओली माती नीट लिंपली, कडी जागेवर ठेवली, फुंकणी तोंडाला लावली. बाई उंबऱ्याजवळ बसून बघत होती. झाळ वितळून चमकली आणि त्याच वेळी मातीच्या आतून एक बारीक आवाज आला. नख मोडावं तसा.

बाबा थांबले. अंगठी निवू दिली. मग बाईला म्हणाले, "बाजाराच्या दिवशी ये बाई. अजून घासायचंय, पुसायचंय." ती गेली. ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी माती काढली नाही.

माती काढल्यावर मीच आधी पाहिलं. लाल खडा दुधाळ झाला होता. त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या आणि भेगांच्या तोंडाशी बारीक, चकाकते थेंब जमले होते. बाबांनी भिंग लावलं. सुई घेऊन एका थेंबाला टोचून पाहिलं. थेंबावर ओरखडा उठला. माणकावर सुईचा ओरखडा उठत नाही.

"तू बघ," त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. "माझा डोळा धड न्हाई. काय दिसतं सांग."

"काच," मी म्हणाले. "भेगांमधून काच बाहेर आलीये."

त्यांनी मान हलवली. नांदेडच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं की, बाजारात आता असे खडे यायला लागलेत. भेगाळलेलं, टाकाऊ माणिक घ्यायचं, त्यात काच वितळवून भरायची. मग ते पाणीदार दिसतं. खरं म्हणावं तर आतला दगड खराच असतो, म्हणून साध्या भिंगाला फसवतं. बाबांनी ऐकलं होतं, पण पाहिलं कधी नव्हतं.

"म्हणजे तुमची चूक न्हाई," मी म्हणाले. मला खरोखर सुटल्यासारखं वाटलं. "तिला दाखवा भिंगातून. सांगा, खडाच असा होता."

"काय सांगू तिला? तुझ्या लेकाला फसवलं म्हणून?"

"खरं तेच सांगायचं."

"त्यानं इथं येऊन मला दाखवला व्हता खडा. मी चांगलं हाये म्हणलो व्हतो." "मेलेल्या लेकरानं माणिक म्हणून काच आणली, असं मी माझ्या तोंडानं न्हाई सांगणार."

मी आत गेले. त्या दिवशी आमचं तेवढंच बोलणं झालं. दोन दिवसांनी, मी शाळेतून आल्यावर, ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आईची अंगठी दे."

मला लगेच कळलं. मी नाही म्हणाले. आईची दुसरी कुठली वस्तू माझ्याकडे नाही, असंही म्हणाले. ते तिथून हलले नाहीत. शेवटी मी पेटीतून अंगठी काढली आणि त्यांच्या हातात न देता चुलीजवळच्या ओट्यावर ठेवली. त्यांनी ती उचलली. आईचं माणिक लहान, म्हणून त्यांनी बाईच्या अंगठीचं कोंदण आत दाबून लहान केलं. त्यांचं ते काम मी बघितलं नाही. बसवून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली होती, मी गेले नाही.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. बाई दुपारी आली. बाबांनी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली आणि शेजारी कागदाची एक पुडी.

"बाई, माझ्या हातून चूक झाली," ते म्हणाले. "आच जास्त लागली. तुझा खडा तडकला. पुडीत हाये तो. त्याच्या जागी मी दुसरं माणिक बसवलंय. लहान हाये, पण अस्सल हाये."

तिनं अंगठीकडे पाहिलं. मग पुडी उघडून पांढुरका पडलेला खडा बोटानं हलवून पाहिला. ती रडली नाही, चिडलीही नाही. अंगठीतल्या खड्याकडे बोट करून म्हणाली, "हा त्याचा न्हाई."

"व्हय," बाबा म्हणाले.

"मी म्हणलं व्हतं, हलवू नको."

बाबांनी हात जोडले. तिनं पुडी पदरात बांधली, अंगठी मुठीत धरली आणि उठून गेली. मी दाराच्या आड उभी होते. माझ्या आईचं माणिक त्या मुठीत होतं आणि तिला त्याचं काहीच नव्हतं.

पंधराएक दिवसांनी तिचा पुतण्या दुकानात आला. सोबत तांड्यावरची आणखी दोन माणसं. त्यांनी पुडीतला खडा वसमतला कुणालातरी दाखवला होता. त्यात काच आहे असं त्या माणसानं सांगितलं, आणि अंगठीतलं माणिक खरं आहे असंही सांगितलं. पुतण्यानं त्यावरून जो अर्थ काढला तो कुणीही काढला असता. सोनारानं मोठा खरा खडा ठेवून घेतला, काचेचा तुकडा जाळून पुडीत बांधून दिला आणि तोंड बंद करायला एक लहान खडा बसवला.

"न्हाई तर तुमी फुकट माणिक कशाला द्याल?" तो म्हणाला. "सांगा ना. काहून दिलं?"

गल्लीतली माणसं जमली होती. बाजूचा कापडवाला, समोरचा चहावाला, सगळे बाबांना वर्षानुवर्षं ओळखणारे. बाबा गादीवर बसून होते. मला राहवलं नाही. मी पुढं आले आणि म्हणाले, "त्यांनी माझ्या आईच्या..."

"तू आत जा," बाबा म्हणाले.

"बाबा, सांगू द्या मला."

"आत जा म्हणलं ना."

मला ते जन्मात कधी असं बोलले नव्हते. मी आत गेले. बाहेर बाबा पुतण्याला एवढंच म्हणाले, "मी खडा बदलला न्हाई. माझ्या हातून तडकला. यापरीस जास्त माझ्याजवळ सांगण्यासारखं न्हाई." जमलेल्या माणसांना ते कमी वाटलं. आपल्यावर आळ आलेला माणूस इतकं थोडं बोलत नाही, असं लोकांना वाटतं.

कुणी दुकान फोडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक नुसते यायचे थांबले. सोनाराकडे माणूस विश्वासानं सोनं सोडून जातो. तो विश्वास एकदा हलला की, बाकी कामाला काही अर्थ राहत नाही. त्या लग्नसराईत शेजारच्या घरातली पोत ओवायलासुद्धा वसमतला गेली. बाबा रोज सकाळी दुकान उघडायचे, शेगडी पेटवायचे, आणि अकराच्या सुमाराला ती आपोआप विझून जायची.

त्या बाईला दोष देता येत नाही. चैत्रात एका दुपारी ती एकटीच आली. मला सुट्टी होती, मी आतल्या खोलीत होते. मधे नुसता पडदा.

"पुतण्या बोलला ते मी न्हवतं सांगितलं," ती म्हणाली. "त्याला मी लई बोलली. तू तसला न्हाईस, मला ठावं हाये."

बाबा म्हणाले, "जाऊ दे बाई."

"पण एक खरं सांग. वसमतवाला म्हणला, पुडीतला काचेचा हाये. तू बदलला न्हाईस, मंग काच आली कुठून? माझ्या पोरानंच काच आणली व्हती का?"

मी पडद्याजवळ येऊन उभी राहिले. आता ती स्वतःहून विचारत होती. आता सांगायला काहीच हरकत नव्हती. बाबांचं नाव परत येणार होतं, आणि तेही तिच्याच तोंडून.

"न्हाई बाई," बाबा म्हणाले. "त्यानं माणिकच आणलं व्हतं. सवागी लागली की वरून काचेवाणी दिसतं. वसमतवाल्याला न्हाई कळलं."

 ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. त्याला पारख व्हती." ती उठली तेव्हा तिचा आवाज हलका झाला होता, मला ते पडद्याआडूनही जाणवलं.

ती गेल्यावर मी बाहेर आले आणि बाबांना नको ते बोलले. तुम्हाला त्या बाईचं मन सांभाळायचं होतं, ते तुम्ही माझ्या आईच्या वस्तूवर सांभाळलं, असं म्हणाले. तुम्हाला लोकांनी चोर म्हटलं ते तुमच्या हट्टानं, आणि उद्या मला चोराची मुलगी म्हणतील, असंही म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मी खोटं न्हाई बोललो. माणिकच व्हतं ते. फुटकं व्हतं, एवढंच."

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी वसमतला खोली घेतली. जाण्यायेण्याची तकलीफ होते असं कारण सांगितलं. बाबा म्हणाले, "बराबर हाये." सामान टेम्पोत ठेवायला त्यांनी मदत केली. त्यानंतर आठ-नऊ महिने मी घरी गेले ते सणावारी, आणि तेही जेवून लगेच परत. एकदा मधल्या सुट्टीत शिपाई सांगायला आला की बाहेर वडील आलेत. ते फाटकाशी उभे होते, हातात पितळी डबा. मला आवडते म्हणून त्यांनी स्वतः शेवयांची खीर केली होती. आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करायचे. मी डबा घेतला. पुढच्या तासाची घंटा झाली होती. "रिकामा डबा संध्याकाळी कुणाबरोबर तरी पाठवते," म्हणाले. त्यांनी "बरं" म्हटलं आणि स्टँडकडे चालू लागले. एका डोळ्यानं त्यांना आता फारसं दिसत नव्हतं, ते कडेकडेनं, भिंत धरल्यासारखे चालत होते. मी वर्गात गेले.

महाशिवरात्रीच्या आसपास कापडवाल्याचा फोन आला. बाबा दुकानात बसल्या जागी कलंडले होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. नांदेडच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, बोलणं येईल हळूहळू. आलं नाही. मी बिनपगारी रजा टाकून घरी आले. चार महिने त्यांना भरवलं, अंघोळ घातली, कूस बदलली. ते माझ्याकडे बघायचे. त्यांना सगळं कळत होतं असं मला वाटायचं, पण खात्री नव्हती.

त्या काळात ती बाई दोनदा येऊन गेली. पायाशी बसायची आणि तळव्यांना तेल चोळायची. पुडीतला खडा तिनं कापडात शिवून गळ्यात घातला होता. ती अंगठी नातीच्या लग्नासाठी ठेवली आहे, असं तिनं मला सांगितलं. मी फक्त मान हलवली. मला तिला काही सांगायचं असतं तर अडवणारं आता कुणी नव्हतं. मी सांगितलं नाही. ते बाबांसाठी होतं की मलाच धीर झाला नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यांच्याशी मात्र मी बोलले. एका सकाळी दाढी करून देताना. आधी साबण लावला, मग वस्तरा हातातच राहिला. "बाबा, मी बोलले ते चुकलं," म्हणाले. "तुमी केलं ते बराबर होतं." खरं तर ते बरोबर होतं असं मला अजूनही पूर्ण वाटत नव्हतं. पण ते ऐकायची त्यांना गरज होती, किंवा मला म्हणायची. त्यांनी डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पण त्या आजारात त्यांच्या डोळ्यातून असंही पाणी यायचं, बोलताना, जेवताना, खिडकीतून उजेड आला तरी. त्यामुळे त्यांना ऐकू गेलं की नाही, आणि गेलं तर त्यांच्या मनात काय आलं, हे मला कळलं नाही.

ते जुलैमध्ये गेले. गल्लीतली सगळी माणसं आली होती. तांड्यावरचा तो पुतण्याही आला होता आणि त्यानं खांदा दिला.

मी त्यांच्याशी आठ-नऊ महिने नीट बोलले नाही. लोकांनी त्यांना चोर म्हटलं त्याचं मला इतकं वाईट वाटत नाही, त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं बहुतेक. पण फाटकाशी ते डबा घेऊन उभे होते तेव्हा पुढचा तास सातवीचा होता आणि ज्यासाठी त्यांना तसंच परत जाऊ दिलं, त्या तासाला मी शिकवलं काय, ते मला आठवत नाही.